लॅटिन मुळांवरून इंग्रजी शब्द शिकावेत का? मराठी माध्यमवाल्यांसाठी जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी माध्यमातून शिकलात, आता बँकेची आणि सीडीएसची (सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीची परीक्षा) तयारी चालू आहे, रोज शब्दांच्या याद्या पाठ करता आणि आठवड्याभरात अर्ध्याहून जास्त विसरता, आणि कुणीतरी सांगितलंय की लॅटिन रूट्स पाठ कर, हजारो शब्द आपोआप येतील. हे खरं आहे का, किती रूट्स करायच्या, कशा करायच्या आणि त्यासाठी लॅटिन भाषा शिकावी लागते का.

मी बरीच वर्षं तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवतोय आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षांच्या बॅचेस घेतो, समोरची बहुतेक मुलं मराठी माध्यमाचीच असतात, त्यामुळे मनापासून सांगतो, रूट्सचा उपयोग होतो, भरपूर होतो, पण रूट्सची यादी पाठ करून होत नाही. शब्दांची यादी विसरणारा माणूस रूट्सची यादीही विसरतोच. उपयोग तेव्हा होतो जेव्हा वाचताना भेटलेला शब्द तुम्ही स्वतः फोडता आणि त्याचं मूळ आपल्याच एखाद्या शब्दाशी नेऊन बांधता. आणि हे बांधायचं काम मराठी माणसाला जितकं सोपं जातं तितकं खूप जणांना जात नाही, फक्त आपल्याला शाळेत ते कुणी सांगत नाही.

म्हणजे बघा, शाळेत उपसर्ग शिकलात ना? हृ धातू एकच, पण प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे पाच वेगळे शब्द, त्यावरचा श्लोकच आहे संस्कृतवाल्यांचा, की उपसर्ग लागला की धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे ओढून नेला जातो. लॅटिनमधून आलेल्या इंग्रजी शब्दांचं यंत्र अगदी हेच आहे. स्पेक्ट म्हणजे बघणे. इन्स्पेक्ट म्हणजे आत बघणे, प्रॉस्पेक्ट पुढे बघणे, रिस्पेक्ट मागे वळून बघणे (आदराने पुन्हा बघावंसं वाटतं तो), सस्पेक्ट खालून, तिरक्या नजरेने बघणे म्हणजे संशय घेणे. एक्स्पेक्ट हा पण त्यातलाच, बाहेर डोळे लावून बसणे, फक्त त्यातला एस स्पेलिंगमध्ये एक्सने गिळून टाकला. काही उपसर्ग तर सरळ आपल्या उपसर्गांचे भाऊच आहेत, प्रो म्हणजे आपला प्र, इंटर म्हणजे अंतर, सुपर म्हणजे उपरि, सब म्हणजे उप, आणि नकारार्थी इन म्हणजे आपला अन्, अनादर अनावश्यक मधला.

दुसरी गोष्ट संधी. दहावीला व्यंजनसंधी केली असेल, सत् अधिक जन सज्जन, तत् अधिक लीन तल्लीन, उत् अधिक लेख उल्लेख. पुढचं व्यंजन आधीच्याला आपल्यासारखं करून घेतं. लॅटिनमध्ये हुबेहूब तेच होतं. इन अधिक लीगल इल्लीगल, इन अधिक रेग्युलर इर्रेग्युलर, सब अधिक पोर्ट सपोर्ट, अॅड अधिक सेप्ट अॅक्सेप्ट. इंग्रजी स्पेलिंगमध्ये डबल अक्षर का येतं याचं निम्मं उत्तर इथे आहे. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त चुकणारी दोन स्पेलिंग्ज म्हणजे अकॉमोडेट आणि रेकमेंड. अकॉमोडेटमध्ये अॅड आणि कॉम असे दोन उपसर्ग मोड या मुळाला लागलेत, अॅडमधला डी बदलून सी झाला म्हणून दोन सी, आणि कॉमचा एक एम व मोडचा एक एम म्हणून दोन एम. रेकमेंडमध्ये री अधिक कॉम अधिक मेंड, री मध्ये सी नाहीच, मग दोन सी येणार कुठून, एकच सी आणि दोन एम. हे एकदा फळ्यावर फोडून दाखवलं की मुलं परत चुकत नाहीत, घोकून घेतलं तर दर टेस्टला चुकतात.

आता एक मूळ नीट आतून दाखवतो म्हणजे वहीत पान कसं करायचं ते कळेल. व्हर्ट किंवा व्हर्स, अर्थ वळणे, फिरणे. पानाच्या वर डाव्या कोपऱ्यात हे लिहायचं आणि उजव्या कोपऱ्यात आपला वृत् धातू, कारण ही दोन्ही एकाच आदिम मुळाची पिल्लं आहेत. आपल्याकडे वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन, आवृत्ती, निवृत्ती, प्रवृत्ती. तिकडे कन्व्हर्ट म्हणजे परिवर्तन करणे, डायव्हर्ट म्हणजे वेगळीकडे वळवणे (हायवेला काम चालू असलं की डायव्हर्जनचा बोर्ड असतो तो), इन्व्हर्ट उलटं करणे, इन्व्हर्टर डीसी करंटला उलटसुलट वाहणारा एसी करून देतो. अॅडव्हर्टाईज म्हणजे लोकांचं लक्ष आपल्याकडे वळवणे. अॅनिव्हर्सरी म्हणजे वर्ष फिरून परत आलं तो दिवस, अॅन्युअलमधला अॅन आणि हा व्हर्स. कॉन्ट्रोव्हर्सी म्हणजे एकमेकांविरुद्ध तोंडं वळलेली. डायव्होर्सही त्यातलाच, दोन वाटांना वळणे. व्हर्स म्हणजे कवितेची ओळ, लॅटिनमध्ये तो शब्द नांगराच्या तासालाही वापरायचे, बैल शेताच्या टोकाला जाऊन वळतो तसं ओळ संपली की पुढच्या ओळीकडे वळायचं, आणि आपण कवितेच्या मात्रागणांच्या रचनेला काय म्हणतो? वृत्त. मला स्वतःला हे इतकं सुंदर वाटतं की प्रत्येक बॅचला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आणि याच पानावर परीक्षेत हमखास येणारी जोडी बसते, अॅडव्हर्स आणि अव्हर्स. अॅड म्हणजे दिशेने, आपल्यावर चालून आलेलं ते अॅडव्हर्स, प्रतिकूल, म्हणून अॅडव्हर्स इफेक्ट. आणि ए हा अब चा छोटा अवतार, म्हणजे पासून दूर, तोंड फिरवलेला माणूस तो अव्हर्स, नावड असणारा, म्हणून रिस्क अव्हर्स. अशाच जोड्या इमिनंट वाल्या, एक ई ने सुरू होतो तो एमिनंट म्हणजे बाहेर उठून दिसणारा, थोर, आणि दुसरा आय ने सुरू होणारा, दोन एम वाला इमिनंट म्हणजे डोक्यावर लोंबकळत असलेला, आत्ता कोसळेल असा, म्हणून इमिनंट डेंजर. ज्याला उपसर्ग दिसतात त्याला या जोड्या पाठ कराव्या लागत नाहीत.

ऑफिसात प्लीज रिव्हर्ट लिहितात ना उत्तर द्या या अर्थी, तो आपल्या भागातल्या इंग्रजीचा वापर आहे, मुळात रिव्हर्ट म्हणजे आधीच्या स्थितीला परत जाणे, त्यामुळे परीक्षेत आणि परदेशी क्लायंटला लिहिताना रिप्लाय लिहा.

बरं, लॅटिन आपल्यापासून लांब आहे असं समजू नका, ते तुमच्या घरातच आहे. डॉक्टरांची चिठ्ठी काढा. ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस लिहिलेलं असतं, ही सगळी लॅटिन वाक्यं आहेत. ओडी म्हणजे ओम्नी डिए, दररोज. बीडी म्हणजे बिस इन डिए, दिवसातून दोनदा, बिस म्हणजे आपलं द्विः आणि डिए हा दिवसाचा चुलतभाऊ. टीडीएस म्हणजे टेर डिए सुमेंडम, दिवसातून तीनदा घ्यायचं, टेर म्हणजे त्रिः. एचएस म्हणजे होरा सोम्नी, झोपायच्या वेळी, आणि सोम्न म्हणजे आपलं स्वप्न, त्यावरून इन्सोम्निया, झोप न येण्याचा आजार. एसओएस म्हणजे सी ओपस सिट, गरज पडली तर. वरती आर ला तिरकी रेघ मारलेली असते ते रेसिपी, म्हणजे घे! तीच रेसिपी पुढे स्वयंपाकघरात गेली. एका चिठ्ठीत पाच-सहा मुळं मिळाली, आणि ती विसरणं शक्य नाही कारण ती खरोखर तुमच्या खिशात होती.

शाळेतून आणलेलं बोनाफाईड सर्टिफिकेट घ्या. बोना म्हणजे चांगला, दिवाळीचा बोनस त्यातलाच, आणि फिड म्हणजे विश्वास. बोना फिडे, खऱ्या विश्वासाने, सच्चेपणाने. तहसीलला केलेलं अॅफिडेव्हिट, त्यातही फिड आहे, अर्थ त्याने शपथेवर सांगितलं आहे. मग कॉन्फिडन्स, फिडेलिटी, कॉन्फिडेन्शियल, परफिडी म्हणजे विश्वासघात, एका ओळीत उभे राहतात. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते, तो कोरम म्हणजे ज्यांच्यापैकी, नुसतं एक षष्ठीचं रूप. आणि एसटी बस! मूळ शब्द ओम्निबस, अर्थ सर्वांसाठी, आपण त्यातला फक्त शेवटचा विभक्तीप्रत्यय घेतलाय, देवेभ्यः मधल्या भ्यः सारखा.

कोकण-गोव्याकडून पोर्तुगीजांच्या वाटेने आलेले शब्द तर अजून जवळचे. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. वडापावातला पाव हा लॅटिन पानिस वरून, तोच कंपॅनियन मध्ये आहे, सोबत पाव खाणारा, आणि कंपनी मध्येही. चावी ही क्लाविस वरून, त्यावरून गळपट्टीच्या हाडाला क्लॅव्हिकल म्हणतात, छोटी चावी. मिस्त्री हा मागिस्टर वरून, मास्टर आणि मॅजिस्ट्रेटचा सख्खा. पगार ज्या पाकारे वरून आला त्यावरूनच इंग्रजी पे, मूळ अर्थ देणेकऱ्याने समोरच्याला शांत करणे.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. व्हॉट्सअॅपवर फिरतं ना की सगळी इंग्रजी संस्कृतपासून आलीये, ते चूक आहे आणि त्याने शिकणाऱ्याचं नुकसान होतं. लॅटिन आणि संस्कृत या बहिणी आहेत, आई-मुलगी नाहीत. विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीच्या भाषणात हेच मांडलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन कुठल्यातरी एका समान उगमातून आल्या असाव्यात, जो उगम बहुधा आता शिल्लक नाही. म्हणून डेंटिस्ट आणि दंत, पेडल आणि पद, नॉमिनल आणि नाम, मॉर्टल आणि मृत, इग्निशन आणि अग्नी, क्रेडिट आणि श्रद्धा (हो, खरंच) ही नाती पक्की आहेत, पण दिसायला सारखं म्हणजे नातं असं नसतं. इंग्रजी डे आणि लॅटिन डिएस दोन्हींचा अर्थ दिवस, दोन्ही ड ने सुरू, तरी त्यांचा काही संबंध नाही. म्हणून शंका आली की चांगली डिक्शनरी उघडायची, नोंदीत शब्दाचं मूळ दिलेलं असतं, तेवढ्या दोन ओळी वाचायची सवय लावा. सिन्सिअर म्हणजे विदाउट वॅक्स ही गोष्ट मोटिव्हेशनवाले फार सांगतात, ती लोकांनी रचलेली आहे, परीक्षेच्या निबंधात लिहू नका.

फसवणाऱ्या जागा अजून आहेत. साईड. पेस्टिसाईड, हर्बिसाईड, फंजिसाईड, शेतकऱ्याच्या पोरांना हे कृषी सेवा केंद्रातून माहीत असतं, कीटकनाशक, तणनाशक, बुरशीनाशक, साईड म्हणजे मारणे, मूळ अर्थ कापणे. त्यावरूनच डिसाईड, बाकीचे पर्याय कापून टाकणे. पण अॅक्सिडेंट, इन्सिडेंट आणि कोइन्साईड मधला सिड वेगळा आहे, त्याचा अर्थ पडणे. आणि मजा बघा, डिसाईड आणि भूगोलातला डेसिड्युअस फॉरेस्ट, पानझडी जंगल, दिसायला भाऊ, पण एक कापणारा आणि दुसरा गळून पडणारा. तसंच पेड, पेडेस्ट्रियन मधला लॅटिन पाय, आणि पीडियाट्रिशियन मधलं ग्रीक मूल. इम्पीड म्हणजे पाय अडकवणे, अडथळा आणणे, एक्सपिडाईट म्हणजे पाय मोकळे करणे, काम वेगाने पुढे नेणे, हे दोन्ही शब्द पायवाले आहेत. आणि इन चे दोन अर्थ, एक नकार आणि एक आत. पेट्रोलच्या टँकरवर हायली इन्फ्लेमेबल लिहिलेलं असतं, ते न पेटणारं नव्हे, चटकन पेट घेणारं. इथे अंदाज चुकला तर जीवावर बेतेल. इनव्हॅल्युएबल मध्ये मात्र इन नकाराचाच आहे, पण अर्थ निरुपयोगी असा होत नाही, ज्याची किंमत करता येत नाही असं, अमूल्य. आपल्या अमूल्य मध्येही अ नकाराचाच आहे, तेव्हा मराठी माणसाने इथे अडू नये.

मुळं रूपही बदलतात, त्याला घाबरायचं नाही. घेणे या अर्थाचं कॅप हे कॅप्चर, अॅक्सेप्ट, रिसीव्ह, पार्टिसिपेट, रिसीट अशा पाच वेषांत येतं. आपला कृ पण कर्ता, क्रिया, कृती, कार्य, संस्कार असा फिरतोच की, आणि आपण गोंधळत नाही कारण लहानपणापासून ऐकलंय. इकडे ऐकलेलं नाही म्हणून वहीत एका पानावर पाची रूपं लिहून ठेवायची, एवढंच.

आता जे रूट्सने अजिबात मिळत नाही ते. गेट, पुट, टेक, मेक, लुक, आणि त्यांना चिकटणारे अप, ऑफ, आउट. पुट अप विथ, लुक डाउन ऑन, टेक आफ्टर. हे अस्सल इंग्रजी मातीतले किंवा शेजारच्या नॉर्स लोकांकडून आलेले शब्द आहेत, त्यात लॅटिन नाही, आणि बोलण्यातलं निम्मं इंग्रजी यावर चालतं. 1066 ला नॉर्मन लोक इंग्लंडवर राज्य करायला आले तेव्हापासून फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, नंतर पंडितांनी थेट लॅटिन ग्रंथांतून अजून घेतले, म्हणून इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन-तीन थर आहेत, किंगली, रॉयल, रीगल. आस्क, क्वेश्चन, इंटरोगेट. आपल्याकडे तद्भव आणि तत्सम असतं ना, आग आणि अग्नी, हात आणि हस्त, तसंच समजा. घरात आपण जेवणाला प्रारंभ करूया म्हणत नाही, मग इंग्रजीत आय कमेन्स्ड ईटिंग का लिहायचं? रूट्स शिकलेल्या मुलांना ही एक खोड लागते, जिथे तिथे जड शब्द. बँकेच्या लेटर रायटिंगला आणि इंटरव्ह्यूला ते मारकच ठरतं. लॅटिन शब्द ओळखायला शिका, वापरायला मात्र बिगिन, आस्क, हेल्प आधी.

पद्धत विचारलीत तर अशी. रोज इंग्रजी पेपरचा एक अग्रलेख. अडलेला शब्द दिसला की लगेच मोबाईल उचलायचा नाही, आधी फोडायचा, वाक्यावरून आणि तुकड्यांवरून अर्थ अंदाजाने पेन्सिलने लिहायचा, मगच डिक्शनरी. अंदाज बरोबर आला तर तो शब्द पक्का झाला, चुकला तर का चुकला ते लिहा, चुकलेले जास्त लक्षात राहतात. गेल्या बॅचला इररिव्होकेबल लेटर ऑफ क्रेडिट आलं होतं. इन, री, व्होक, एबल. व्होक म्हणजे आपली वाचा, बोलावणे. परत बोलावता न येणारं. क्रेड म्हणजे श्रद्धा, विश्वास. म्हणजे बँकेने दिलेलं, मागे न घेता येणारं विश्वासपत्र. मागच्या बाकावरची मुलगी, जिने बारावीपर्यंत इंग्रजीत तोंड उघडलं नव्हतं, तिने हे एकटीने फोडलं, आणि मग तिनेच अॅडव्होकेट फोडला, मदतीला बोलावलेला. बँकिंगचा शब्द आणि इंग्रजीचा शब्द एकदमच झाला. मग त्या मुळाच्या पानावर तो शब्द आणि ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य लिहायचं. वाक्याशिवाय शब्द लिहायचाच नाही, कारण कुठला प्रीपोझिशन लागतो हे मूळ कधीच सांगत नाही.

आणि मोठ्याने वाचा. उपसर्ग आणि मूळ मिळून झालेल्या दोन तुकड्यांच्या बऱ्याच शब्दांत नाम असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, रेकॉर्ड, कंडक्ट, प्रोड्यूस, ऑब्जेक्ट, एक्स्पोर्ट हे दोन्हीकडे बोलून बघा. सगळ्यांना लागू नाही, रिस्पेक्ट आणि रिपोर्ट दोन्हीकडे सारखेच, पण कान तयार होतो.

किती रूट्स? तीस-चाळीस मुळं आणि वीसेक उपसर्ग पुरे, त्याच्या पुढे फायदा झपाट्याने कमी होतो. सुरुवात स्पेक्ट, व्हर्ट, डिक्ट, स्क्राईब, पोर्ट, ड्यूस, मिट, सीड म्हणजे जाणे, पोज, जेक्ट, ट्रॅक्ट, कॅप, फॅक, टेन, व्हेन, फर आणि स्टा पासून करा. शेवटचे दोन आपलेच आहेत, फर म्हणजे भृ, वाहून नेणे, आणि स्टा म्हणजे स्था. आठवड्याला दोन पानं झाली तरी खूप. दोन महिन्यांवर परीक्षा असेल तर मात्र हे सुरू करू नका, त्या वेळात जुने पेपर सोडवा आणि वर सांगितलेल्या अॅडव्हर्स-अव्हर्ससारख्या जोड्या तेवढ्या करा. सहा-आठ महिने हातात असतील तर नक्की करा.

लॅटिन भाषा शिकायची गरज नाही. त्यांच्या विभक्त्या, धातूंची रूपं यात पडलात तर तो वेगळाच अभ्यास होतो, छान आहे पण परीक्षेच्या कामाचा नाही. त्यापेक्षा आठवी ते दहावीचं मराठी व्याकरणाचं पुस्तक घरात असेल तर काढा आणि उपसर्ग, संधी, तत्सम-तद्भव हे धडे आधी वाचून घ्या. दोन-तीन संध्याकाळी होतील, आणि मग व्हर्टचं पान घाला.